पणजीचे माहेर

महाराष्ट्रात पणजोबांचे नाव सांगणारे पुष्कळ भेटतात. पणजीचे सासरचे नावही घरातल्या कोणा वयस्काला आठवते. पण ती लग्नाआधी कोण होती, कोणत्या गावची, कोणत्या आडनावाची, तिला आईबाप काय हाक मारत, हे विचारले की बहुतेक घरांत उत्तर थांबते. यात फक्त विस्मरणाचा दोष नाही, नाव पुसण्याचा विधीच लग्नात आहे. वरात घरी आली की लक्ष्मीपूजन होते, ताम्हणात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात बायकोचे नवे नाव लिहितो. अनेक घरांत त्या दिवशी आडनावाबरोबर पाळण्यातले नावही जाई. पहिल्या भारतीय महिला डॉक्टरांपैकी एक असलेल्या आनंदीबाई जोशी १८६५ साली यमुना म्हणून जन्मल्या आणि गोपाळराव जोशांशी लग्न झाल्यावर आनंदी झाल्या. त्यांचे माहेर आणि सासर दोन्हीकडचे आडनाव जोशीच. म्हणजे नुसत्या आडनावावर विसंबणारा त्यांच्या बाबतीत फसला असता आणि नुसत्या नावावर विसंबणाराही.

नाशिकशी जोडलेले असेच एक उदाहरण दादासाहेब फाळक्यांच्या घरातले आहे. फाळके १८७०मध्ये त्र्यंबकेश्वरी जन्मले आणि १९४४मध्ये नाशकात वारले. ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाच्या निर्मितीत त्यांच्या बरोबरीने राबलेल्या सरस्वतीबाई माहेरच्या करंदीकर, लग्नाआधीचे नाव गिरिजा. त्या किर्लोस्कर नाटक मंडळीशी संबंधित घरातल्या आणि पुढे स्वतः नामवंत झाल्या, म्हणून ही माहिती उरली. फाळक्यांच्या पहिल्या पत्नी प्लेगच्या काळात वारल्या. त्यांची ओळख मात्र चरित्रांत बहुधा ‘मराठे घराण्यातली मुलगी’ एवढीच येते. एकाच पुरुषाच्या दोन बायका. एकीचे माहेर आणि नाव दोन्ही ठाऊक, दुसरीचे फक्त आडनाव. सामान्य घरातली पणजी यांपैकी दुसरीच्या जागी असते, आणि पुष्कळदा तिच्याही मागे.

असा शोध घेणारे सहसा प्रथम जनगणनेकडे वळतात, कारण परदेशातल्या वंशशोधाच्या गोष्टी त्यांनी ऐकलेल्या असतात. इंग्लंडमध्ये जनगणनेची घरनिहाय पत्रके जपून ठेवतात आणि शंभर वर्षांनी सर्वांना पाहायला खुली करतात. १९२१ची पत्रके २०२२च्या जानेवारीत खुली झाली. अमेरिकेत ही मुदत ७२ वर्षांची आहे. भारतात तसे घडले नाही. देशभर एकाच वेळी झालेली पहिली शिरगणती १७ फेब्रुवारी १८८१ची. पण तिच्या आणि तिच्यानंतरच्या मोजण्यांच्या घरोघरच्या याद्या आकडे काढून झाल्यावर जपल्या गेल्या नाहीत. १९०१पासून तर प्रत्येक माणसाची माहिती सुट्या चिठ्ठीवर उतरवून चिठ्ठ्यांचे गठ्ठे लावण्याची पद्धत आली. त्या चिठ्ठीवर वय, धर्म, जात, धंदा होता. नावाची गरज उरली नव्हती. स्वतंत्र भारताच्या १९४८च्या जनगणना कायद्याने तर पत्रके पाहण्याचा आणि ती पुरावा म्हणून मांडण्याचा मार्गच बंद केला.

ती पत्रके उरली असती, तरी पणजीबद्दल फारसे काही हाती लागले नसते. घरातल्या बायकांची नावे परक्या माणसाला सांगायला घरधनी तयार नसेल, तर नावाच्या जागी नुसते ‘स्त्री’ असे लिहावे, अशी मुभा ब्रिटिशकालीन गणकांना दिलेल्या सूचनांतच होती. माहेरच्या आडनावासाठी तर रकानाच नव्हता. जन्मस्थान विचारत, तेही मुख्यतः जिल्ह्याच्या नावापुरते. जनगणनेचा उपयोग आहे, पण तो वेगळ्या कामासाठी. १९०१च्या मोजणीत नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ८,१६,५०४ भरली, दहा वर्षांपूर्वीपेक्षा सुमारे ३ टक्क्यांनी कमी. त्या घटीमागे १८९९-१९००चा छपन्नचा दुष्काळ आणि प्लेग आहे. एखाद्या घराण्याची साखळी नेमकी १८९६ ते १९०५च्या दरम्यान तुटत असेल, बायको वारून दुसरी आलेली असेल, मुले आजोळी वाढलेली असतील, तर या आकड्याच्या उजेडात ती तूट समजते. आजोबांची सख्खी आई आणि त्यांना वाढवणारी आई या दोन वेगळ्या बायका असू शकतात, हे त्या दशकातल्या घरांबाबत सुरुवातीलाच धरून चालावे.

दुसरी धाव लग्नाच्या नोंदवहीकडे असते. तिथेही हिंदू घरांच्या वाट्याला निराशाच जास्त. मुंबई राज्यात विवाह नोंदणीचा कायदा १९५३चा, त्याची जागा घेणारा महाराष्ट्राचा कायदा १९९८चा, आणि विवाह नोंदणी सक्तीची करा असे सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना सांगितले ते २००६ साली. शंभर वर्षांमागच्या हिंदू लग्नाची सरकारी नोंद म्हणूनच जवळजवळ नसते. अपवाद १८७२च्या विशेष विवाह कायद्याखाली लागलेल्या मोजक्या लग्नांचा.

इतर धर्मांची गोष्ट निराळी. नाशिकच्या काझींच्या दप्तरातल्या निकाहनाम्यात वधूचे नाव तिच्या बापाच्या नावासह येते. मुसलमान घरांत मुलीचे नाव लग्नाने बदलत नसल्यामुळे हा शोध तिथे मुळातच सोपा आहे. पारशांचा विवाह कायदा १८६५चा, ख्रिस्ती विवाहांचा १८७२चा. ख्रिस्ती विवाहाच्या नोंदवहीत वधूवरांचे वय, ती वा तो अविवाहित की विधुर-विधवा, धंदा, राहण्याचे ठिकाण आणि दोघांच्याही बापाचे नाव-आडनाव असे रकाने असतात. त्या काळच्या हिंदुस्थानात वधूचे माहेर सरळ तिच्याच नावापुढे सांगणाऱ्या मोजक्या छापील नमुन्यांपैकी हा एक. या नोंदींच्या प्रतीही वर पाठवल्या जात, आणि मुंबई इलाख्यातल्या अशा प्रती आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत.

पण रकाना असला म्हणून तो भरता येतोच असे नाही. नाशिकच्या शरणपूरची वसाहत चर्च मिशनरी सोसायटीने १८५०च्या दशकात उभारली. तिथल्या शाळेत दुष्काळात अनाथ झालेली मुले होती, तशीच गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलेही. १८७३मध्ये आफ्रिकेचा शोधप्रवासी लिव्हिंगस्टन वारल्यावर त्याचा देह आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत जेकब वेनराइटसारखे नाशकात शिकलेले तरुण होते, म्हणून इतिहासात या शाळेचे नाव राहिले. तिथल्या एखाद्या मुलीचे लग्न लागताना बापाच्या नावाचा रकाना कोण भरणार? तिचे नाव मिशनने दिलेले, गाव समुद्रापार राहिलेले. अशा घराण्याच्या शोधाला तिथेच थांबावे लागते, आणि ते थांबणे खरे मानावे लागते.

हिंदू घरांसाठी मग काय उरते? उरते ते भरपूर आहे, फक्त ते बाईच्या नावापुढे लिहिलेले नाही. जुन्या महसुली आणि कोर्टाच्या कागदांत पुरुष ‘तुकाराम बिन रामजी’ असा येतो, म्हणजे रामजीचा मुलगा. बाई येते ती ‘साळूबाई कोम गणू’, म्हणजे गणूची बायको. पुढे ‘कोम’ गेले आणि ‘भ्रतार’ आले, सातबाऱ्यावरचे ‘भ्र.’ हे त्याचेच आखूड रूप. नवरा वारला की तिच्या नावामागे ‘गं. भा.’ लागते. कोणत्याही रूपात तिची ओळख नवऱ्यापासून सुरू होते आणि तिथेच संपते. इनामाच्या कागदांत जोडलेल्या वंशावळींतही पुरुषांचीच झाडे असतात. तिचे माहेर लिहिले जाते ते तिच्या मुलाच्या नावापुढे, भावाच्या नावापुढे, बापाच्या वारसांच्या यादीत. म्हणून पणजीला शोधायचे तर तिची स्वतःची नोंद धुंडाळण्यात दिवस घालवू नयेत. तिच्या पोराच्या नोंदीपासून सुरुवात करावी.

ही वाट नाशकात सर्वांत मोकळी सापडते, कारण इथे रामकुंड आहे. गोदावरीच्या या कुंडावर आणि त्र्यंबकेश्वरी तीर्थश्राद्धाला, अस्थी घेऊन किंवा सिंहस्थात आलेल्या यजमानाचा लेख आपल्या वहीत घ्यायचा, ही तीर्थोपाध्यायांची पिढ्यानपिढ्यांची रीत. ‘लेख’ हा त्यांचाच शब्द. कोणत्या उपाध्यायाकडे कोणते गाव, कोणते आडनाव, कोणती जात हे ठरलेले असते. त्यामुळे पंचवटीत उतरलेल्या माणसाला पहिला प्रश्न असतो तो गाव कोणते, आडनाव काय, हा. उत्तरावरून त्याला त्याच्या उपाध्यायाच्या घरी पोचवतात. मग कापडात बांधलेले बाड सुटते. लांबट पाने, कडा तांबूस पडलेल्या, ओळींमागून ओळी मोडीच्या, मध्येच कोणा शिकलेल्याची बाळबोध सही, आणि लिहिता न येणाऱ्याच्या जागी दुसऱ्याने लिहून दिलेले नाव. यजमान स्वतःचे, बापाचे, आजाचे, भावांचे, मुलांचे नाव लिहून देतो. पुष्कळ लेखांत मातुल घराण्याचाही उल्लेख असतो, म्हणजे आजोळ. पणजीचे माहेर नेमके याच शब्दामागे असते.

तो उल्लेख तिथे यायला शास्त्राचे कारण आहे. श्राद्धात पिंड फक्त बापाच्या वंशाला दिले जात नाहीत. पिता, पितामह, प्रपितामह ही एक त्रयी. माता, पितामही, प्रपितामही ही दुसरी. आणि मातामह, त्याचा बाप व त्याचा आजा, सपत्नीक, ही तिसरी. आजोबांनी रामकुंडावर तीर्थश्राद्ध केले असेल, तर त्या संकल्पात त्यांच्या आईचा बाप, आजा आणि पणजा असे तीन पुरुष नावागोत्रासह उच्चारले गेले, म्हणजे पणजीच्या माहेरच्या तीन पिढ्या. तीर्थश्राद्धात आणि महालयात याखेरीज आप्तांचा मोठा गण असतो. त्यात मातुल म्हणजे मामा येतो, आत्या आणि मावशी येतात, बहिणी येतात, आणि श्वशुरही येतो. मग पणजोबांनी स्वतः केलेल्या श्राद्धात, तेव्हा सासरा हयात नसेल तर, पणजीच्या बापाचे नाव सरळच यायला हवे.

इथे एक खाच लक्षात ठेवावी लागते. संकल्पात गोत्र आणि नाव उच्चारतात, आडनाव नाही. त्यामुळे विधीची आठवण घरात शिल्लक असली तरी तिच्यातून ‘काश्यप गोत्र, अमुक नाव’ एवढेच मिळेल. आडनाव आणि गाव मिळायचे ते वहीतल्या लेखात. उलटपक्षी, लेखात आडनाव असून नाव पुसट झाले असेल, तर संकल्पातले नाव त्याला पुरे करते. ज्या घरांत आजोबांच्या हातची श्राद्धाच्या नावांची चिठ्ठी देवघरात किंवा पोथीत राहिली आहे, त्यांनी ती आधी शोधावी. आश्विन शुद्ध प्रतिपदेला, घटस्थापनेच्याच दिवशी, नातवाने आईच्या बापाचे श्राद्ध करायची चाल आहे. त्याला आजेपाडवा म्हणतात, आणि स्वतःचा बाप जिवंत असला तरी मुलगा हे श्राद्ध करू शकतो. ज्या घरात आजेपाडवा पाळला गेला, तिथे आजोळचे नाव विसरले जाण्याची शक्यता कमी.

पुरोहिताच्या वहीचा खरा लाभ दुसऱ्या फेरीत होतो. आजोबांच्या लेखातून आजोळचे गाव आणि आडनाव कळले की त्या गावाचा आणि त्या आडनावाचा उपाध्याय वेगळा निघण्याचा संभव असतो. त्याच्या वहीत पणजीच्या बापाचा किंवा भावाचा लेख शोधायचा. पहिल्या वहीत आलेले मामाचे नाव दुसऱ्या वहीत बापाच्या नावाखाली मुलगा म्हणून आले, गाव जुळले आणि काळ जुळला, की नाते पक्के झाले. दोन वेगळ्या घरांनी, वेगळ्या वर्षी, वेगळ्या पुरोहितांकडे लिहून दिलेले लेख एकमेकांची साक्ष देतात. न्यायालयांनीही अशा जुन्या लेखांना मोल दिले आहे. नातेसंबंधाविषयी मृत व्यक्तींनी वाद उपस्थित होण्यापूर्वी केलेली विधाने पुराव्यात घेण्याची तरतूद १८७२च्या पुरावा कायद्याच्या कलम ३२मध्येच होती. वह्या पुरोहितांच्या खासगी मालकीच्या आहेत. पाहायला जाताना दक्षिणा घेऊन जावे आणि वेळ काढून जावे. घाईच्या दिवशी, श्राद्धपक्षात तर मुळीच, कोणी बाड सोडून बसणार नाही.

सरकारी दप्तरात पणजीच्या माहेरचा सर्वांत भरवशाचा माग पहिल्या बाळंतपणाचा आहे. पहिलटकरीण माहेरी जाते, ही रीत जातपात न बघता महाराष्ट्रभर होती. म्हणून थोरल्या मुलाचा जन्म बापाच्या गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत सापडला नाही, तर ती नोंद हरवली असे समजण्याचे कारण नाही. ती बहुधा आजोळच्या गावच्या वहीत असते. ही वही गावोगाव ठेवली जाई. आज ती ‘गाव नमुना १४’ किंवा ‘कोतवाल बुक’ म्हणून ओळखली जाते आणि जुने खंड तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. शोधाची दिशा इथे उलटी फिरते. पणजीचे माहेर निफाडकडचे असावे, सिन्नरकडचे असावे, एवढा जरी घरात बोलवा असला, तरी थोरल्या मुलाच्या जन्मवर्षाचा आणि आसपासचा दोन-तीन वर्षांचा पट्टा त्या तालुक्यातल्या गावांच्या वह्यांत पाहता येतो. बापाचे नाव आणि जात जुळली, आणि राहण्याचे गाव परके आहे, असे दिसले की थांबावे. खबर देणाऱ्याचे नाव नोंदले असेल तर तो बाळाचा आजा किंवा मामा असण्याचीच शक्यता जास्त. बाळाचा बाप त्या गावात नसतो.

सोयरिकीचा पल्ला फार लांब नसे, ही गोष्टही मदतीला येते. भगूरच्या सावरकरांची आई राधाबाई निफाड तालुक्यातल्या कोठूरच्या मनोहर घराण्यातली. विनायक सावरकरांच्या पत्नी यमुनाबाई जव्हारच्या चिपळूणकरांच्या. कोठूर भगूरपासून बैलगाडीच्या टप्प्यात आहे, जव्हार त्र्यंबकच्या घाटापलीकडे. शेतकरी घरांत हे अंतर याहूनही कमी असे. ज्या गावच्या बाजाराला जायचे, ज्या यात्रेत भेटायचे, त्याच पट्ट्यात मुली दिल्या-घेतल्या जात. त्यामुळे पहिल्यांदा पाहायची गावे पाचपन्नास असतात, पाचशे नव्हेत.

या वह्यांकडे महाराष्ट्राचे लक्ष अलीकडे गेले ते वेगळ्या कारणाने. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधण्यासाठी तालुक्यातालुक्यांत जुने नमुने, शाळांची रजिस्टरे, मोडी बाडे बाहेर काढली गेली. मोडी जाणकारांना बोलावून ती वाचून घेतली गेली आणि सापडलेल्या नोंदींच्या प्रती संकेतस्थळांवर चढल्या. वंशशोधासाठी ही मोठी सामग्री खुली झाली. पण जातीचा दाखला बापाच्या बाजूने मिळतो, म्हणून शोधणाऱ्यांची नजर पुरुषांच्या नावांवरच फिरली. त्याच पानांवर आजोळी जन्मलेल्या बाळांच्या नोंदी आहेत, आणि त्या दृष्टीने ती पाने अजून वाचायची राहिली आहेत. कागद एकदा बाहेर आलेला असताना हे काम आताच व्हायला हवे. कसर लागलेले पान दहा वर्षांनी इतके वाचता येईलच असे नाही.

शाळेचे जनरल रजिस्टर हे तिसरे ठिकाण. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुलींच्या शाळा वाढल्या, आणि मुलगी शाळेत जाते ती लग्नाआधी, माहेरच्या नावाने. रजिस्टरात तिचे नाव, बापाचे नाव, आडनाव, जन्मतारीख आणि शाळा सोडण्याचे कारण असते. पणजीपेक्षा आजीसाठी हा कागद अधिक उपयोगी. बापाचे नाव माहीत असेल तर पाळण्यातले नाव मिळवून देणारा कागद मात्र दुसरा क्वचितच सापडेल.

जमिनीच्या कागदांत बाईची दोन्ही नावे एकत्र यायला १९५६ उजाडावे लागले. १७ जून १९५६ला हिंदू उत्तराधिकार कायदा अमलात आला आणि बापाच्या मालमत्तेत मुली मुलांच्या बरोबरीने वारस झाल्या. तेव्हापासून खातेदार वारला की तलाठ्याच्या फेरफारात, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, मुलांच्या खाली लग्न झालेल्या मुलींची नावे येऊ लागली, सासरच्या आडनावासह. बापाचे नाव वर, मुलीचे सासरचे नाव खाली. बापाच्या आणि नवऱ्याच्या अशा दोन्ही घरांना एका ओळीत बांधणारा हा पहिला सार्वत्रिक सरकारी कागद. आणि त्याच्या मागोमाग बहुतेक घरांत दुसरा कागद येतो: हक्कसोडपत्र. भावांच्या लाभात बहिणींनी आपला हिस्सा सोडल्याचा हा दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदला जातो. त्यात बहिणीचे पूर्ण नाव, वय, सासरचे गाव, बापाचे नाव आणि सोडलेल्या जमिनीचा गट क्रमांक असतो, खाली तिची सही किंवा डाव्या अंगठ्याचा ठसा. माहेरच्या मातीवरचा हक्क तिने ज्या कागदावर सोडला, त्याच कागदाने ती त्या माहेरची होती हे टिकवून ठेवले. १९५६नंतरही हयात असलेल्या, किंवा ज्यांचे भाऊ-बाप त्यानंतर वारले अशा पणज्यांच्या बाबतीत हा दस्त पुरोहिताच्या वहीपेक्षाही नेमका ठरतो. तो बघणाऱ्याच्या मनात काय येते, हे ज्याने आपल्या आजीचा ठसा त्यावर पाहिला आहे त्याला सांगावे लागत नाही.

ब्राह्मण घरांत, विशेषतः चित्पावनांत, छापील कुलवृत्तांत हा जवळचा रस्ता आहे. त्यांत प्रत्येक पुरुषाखाली पत्नीचे सासरचे नाव, माहेरचे नाव, वडिलांचे नाव आणि गाव देण्याची पद्धत आहे. १८४०मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथालयांत अशा पुस्तकांची चौकशी करावी. दक्षिण महाराष्ट्रात हेच काम हेळवी करतात. बैल घेऊन गावोगाव फिरून घराण्यांच्या पिढ्या सांगणारे हे लोक कुलवृत्तांत तोंडपाठ ठेवतात आणि बाडांतही. घरातल्या घरात लग्नाची याद, आहेराची वही आणि जन्मपत्रिका पाहाव्यात. यादीत दोन्ही बाजूंचे देणेघेणे आणि मानपान लिहिलेले असते. मामाचा आहेर कोणी केला ही एक ओळसुद्धा पुरते.

कागद हाती आल्यावर तो वाचण्याच्या अडचणी सुरू होतात. मोडीत आधी ओळभर रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरे लटकवायची, अशी लेखनाची तऱ्हा. शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्वदीर्घ पाळत नाहीत. नाव कोठे संपले आणि आडनाव कोठे सुरू झाले हे लेखकाच्या हाताची सवय झाल्याशिवाय कळत नाही. एका बाडातल्या आधी ठाऊक असलेल्या नावांवरून त्या हाताची वळणे शिकून घ्यावीत, मग अनोळखी नावाकडे जावे. तारीख हा दुसरा गुंता. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे सर्वांना ठाऊक असते. पेशवाईतल्या कागदांत मात्र सुहूर सन असतो, तोही अरबी शब्दांत. ‘समान सबैन मया व अलफ’ म्हणजे आठ, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७८. त्यात ५९९ मिळवले की १७७७-७८. फसली सनात ५९० मिळवावे लागतात. चुकीचा सन धरला तर आई मुलापेक्षा लहान निघते, आणि असे निघाले की सन तपासावा, माणसे बदलू नयेत.

आडनावाची तर वेगळीच कहाणी. पेशवीण गोपिकाबाई अखेरच्या काळात नाशिकजवळ गंगापूरला राहिल्या. त्या वाईच्या रास्त्यांच्या कन्या, पण रास्ते हे घराण्याला मिळालेले नाव. मूळ आडनाव गोखले. दोन कागदांत दोन आडनावे आली म्हणून दोन घराणी मानली असती तर चूक झाली असती. गावावरून, हुद्द्यावरून, धंद्यावरून आडनाव पडणे एकोणिसाव्या शतकातही चालूच होते; एकच माणूस एका कागदात पाटील आणि दुसऱ्यात मूळ कुळाच्या नावाने येतो. पुरुषांची नावेही स्थिर नसत. नाशिकचे कुसुमाग्रज जन्माने गजानन रंगनाथ शिरवाडकर. काकांनी दत्तक घेतल्यावर ते विष्णू वामन झाले. आजोबा दत्तक गेलेले असतील तर शास्त्राप्रमाणे त्यांचे मातामहही बदलतात. मग वहीत सापडलेले आजोळ दत्तक आईचे असते आणि रक्ताची पणजी दुसऱ्याच वहीत राहते.

पाटाच्या लग्नाचाही विचार करावा लागतो. अनेक जातींत विधवेचा पाट लागे, आणि मराठा अमदानीत लग्नटक्याप्रमाणे पाटदाम हा करही होता. पाट लागलेल्या बाईच्या मागचे नाव म्हणून कागदात जे येते ते पहिल्या नवऱ्याचे असू शकते; त्याला माहेर समजले की शोध परक्या घरात शिरतो. याउलट मामाची मुलगी करण्याची चाल ज्या घरांत होती, तिथे पणजी आणि आजी एकाच माहेरच्या निघतात, एकच आडनाव दोन पिढ्यांत लागोपाठ येते. ते पाहून नकलनवीस चुकला असे वाटते, पण पुष्कळदा तो बरोबर असतो: एका घरातून आत्या आणि भाची अशा दोघी त्याच घरात सून म्हणून आलेल्या असतात.

म्हणून एका कागदावर माहेर ठरवू नये. वहीतला लेख, थोरल्या मुलाच्या जन्माचे गाव, बापाच्या वारसांचा फेरफार, घरात चालत आलेले मामाचे नाव, यांतली दोन तरी स्वतंत्र ठिकाणे जुळावी लागतात. जुळल्यावर पुढचे काम पुन्हा रामकुंडावरचे आहे. नवा लेख लिहून देताना कोणत्या नात्याचे नाव लिहावे आणि कोणते वगळावे हे यजमानाच्या हाती असते. पणजोबांच्या नावापुढे पणजीचे सासरचे नाव, पाळण्यातले नाव, माहेरचे आडनाव, गाव आणि बापाचे नाव एवढे लिहायला वहीत एक ओळ पुरते. आई आणि आजीसाठी आणखी दोन. खाली शक, तिथी, इसवी सनाची तारीख आणि सही.